प्रकरण सहावे : त्यातला खरा मी कोणता?

“घरात मी फारसा बोलत नाही. ऑफिसात कामापुरतं. पण सकाळच्या गाडीत चढलो की ग्रुपमध्ये सगळ्यांची टर मीच उडवतो, भजनात टाळ माझ्या हातात असतो, कुणी उगाच ढकललं तर भांडायलाही मीच पुढे. मग माझा खरा स्वभाव कोणता?”

बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. ते रोज दोनदा कापणाऱ्या कुणालाही हा प्रश्न पडेल. त्याच्या मागोमाग आणखी दोन प्रश्न येतात. ‘स्वभावाला औषध नाही’ असे आपण म्हणतो, ते कितपत खरे? आणि घर, गाव, धंदा सगळेच एका फटक्यात गेले, तर माणूस तोच राहतो का?

तिसरा प्रश्न पुस्तकी वाटेल, पण उल्हासनगर हे अख्खे शहर त्याच प्रश्नावर उभे आहे. म्हणून या प्रकरणात आपण मध्य रेल्वेवरची लागोपाठची तीन स्टेशने सोबत घेणार आहोत : उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर.

१. एका माणसाचे किती ‘मी’?

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा दोन खंडांचा ग्रंथ १८९० साली प्रसिद्ध झाला. त्यातले ‘स्व’वरचे प्रकरण आजही जुने वाटत नाही. जेम्स म्हणतो, ‘मी’ या एका शब्दात दोघे जण दडलेले असतात. एक जाणणारा आणि दुसरा जाणला जाणारा. “काल माझं डोकंच ठिकाणावर नव्हतं” असे आपण म्हणतो, तेव्हा कालच्या ‘मी’बद्दल आजचा ‘मी’ बोलत असतो. जाणणाऱ्याला पकडणे अवघड आहे, पकडायला जावे तर तो जाणला जाणारा होऊन बसतो. म्हणून जेम्स त्याला तत्त्वज्ञांच्या हवाली करतो आणि दुसऱ्याकडे वळतो.

या दुसऱ्या ‘मी’चे जेम्सने तीन भाग केले. पहिला भौतिक : शरीर, कपडे, घर, घरची माणसे, कमाई. दुसरा सामाजिक : लोकांच्या मनातली आपली प्रतिमा. तिसरा आतला : आपली मते, वृत्ती, विवेक.

घराला ‘स्व’मध्ये कसे धरायचे, अशी शंका येईल. गिरगाव-लालबागच्या खोल्या विकून कुळगाव-बदलापूरला फ्लॅट घेतलेल्यांना ‘तुम्ही कुठले?’ असे विचारून पाहा. बदलापुरात वीस वर्षे काढलेला माणूसही “आम्ही मूळचे गिरगावचे” असे म्हणतो. ती खोली कधीच दुसऱ्याच्या नावावर झालेली असते, पण त्याच्या ‘मी’मधून ती गेलेली नसते.

गाडीतल्या आपल्या मित्रासाठी दुसरा भाग महत्त्वाचा. जेम्सच्या मते, ज्या ज्या गटाच्या मताची आपल्याला पर्वा असते, तितके आपले सामाजिक ‘मी’ असतात. मुलांसमोर गंभीर असणारा बाप मित्रांत शिव्या घालतो म्हणून तो ढोंगी ठरत नाही. वेगवेगळ्या लोकांपुढे वेगवेगळे वागणे हा माणसाचा सर्वसाधारण नियमच आहे.

जेम्सने एक छोटे गणितही दिले आहे : स्वतःविषयीचा आदर = यश भागिले अपेक्षा. समजा, उल्हासनगरच्या दोन मित्रांपैकी एकाने सी.ए. व्हायचेच असे ठरवले आणि तीनदा नापास होऊन तो चांगल्या पगाराचा अकाउंटंट झाला. दुसऱ्याला बापाच्या दुकानावर बसायचे होते आणि तो बसला. पहिल्याने दहाची अपेक्षा धरून सहा मिळवले, म्हणजे ०.६. दुसऱ्याने तिनाची अपेक्षा धरून तीन मिळवले, म्हणजे पूर्ण १. कमाई पहिल्याची जास्त, पण रात्री शांत झोप दुसऱ्याला. यश वाढवणे हा एक उपाय आणि अपेक्षा उतरवणे हा दुसरा, आणि जेम्सच्या मते अपेक्षा सोडण्यातही अपेक्षा पुरी होण्याइतकाच सुटकेचा आनंद असतो. अर्थात तिनाचीच अपेक्षा धरायला कुणी लावले, हा प्रश्न या गणितात येत नाही. माझ्या मते तीच त्याची मोठी उणीव आहे.

२. लोकांच्या नजरेतला मी

चार्ल्स कूली या समाजशास्त्रज्ञाने १९०२ साली पुढचे पाऊल टाकले. आपण स्वतःला थेट पाहतच नाही, इतरांच्या आरशात पाहतो, असे त्याचे म्हणणे. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. मी समोरच्याला कसा दिसत असेन याची कल्पना, तो त्यावरून माझ्याबद्दल काय मत करत असेल याची कल्पना, आणि त्यातून मला वाटणारा अभिमान किंवा लाज. पहिल्या दोन्ही पायऱ्या कल्पनेच्या आहेत हे विसरू नका. समोरचा कदाचित आपल्याकडे पाहतही नसतो.

फाळणीनंतर सिंधमधून उल्हासनगरला आलेल्यांना सरकारी कागदांवर आणि लोकांच्या तोंडी ‘निर्वासित’, ‘शरणार्थी’ असे शब्द चिकटले. त्या आरशातले आपले रूप अनेकांना पसंत नव्हते. आम्ही शरणार्थी नाही, ‘पुरुषार्थी’ आहोत, असे ते सांगू लागले. पुढे उल्हासनगरच्या मालाबद्दल एक विनोद देशभर पसरला. इथल्या वस्तूंवरच्या ‘मेड इन यूएसए’ या छापाचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा आहे, हा तो विनोद. बाहेरच्यांनी केलेली ही टिंगल उल्हासनगरचे लोक स्वतःच हसत हसत सांगतात. कूलीचा आरसा असा उलटाही धरता येतो, हे त्याच्या पुस्तकात शोधून सापडणार नाही.

इथे एक प्रयोग स्वतःवर करण्यासारखा आहे. ‘मी कोण?’ या प्रश्नाची वीस उत्तरे भराभर कागदावर लिहा. मॅनफर्ड कून आणि थॉमस मॅकपार्टलंड या दोघांनी १९५४ साली ही चाचणी मांडली. आता उत्तरे दोन ढिगांत टाका. ‘मी अमक्याची आई’, ‘मी कोकणातला’, ‘मी बँकेत आहे’ ही नात्याची आणि जागेची उत्तरे एकीकडे. ‘मी हट्टी आहे’, ‘मला एकटेपणा आवडतो’ ही गुणांची उत्तरे दुसरीकडे. हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा यांनी १९९१ साली मांडले, की अमेरिकेसारख्या समाजात माणूस स्वतःला इतरांपासून सुटा समजतो, तर आशियातल्या अनेक समाजांत तो स्वतःला नात्यांत गुंतलेला पाहतो. मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी तर १९७८ च्या आपल्या पुस्तकात भारतीय बालपणाच्या मुळापासून हे उलगडले होते. हे विभाजन फार ताणू नये. बदलापूरच्या एकाच घरात आजीची वीस उत्तरे आणि नातीची वीस उत्तरे ताडून पाहिली, तर दोन देशांइतके अंतर सापडू शकते.

३. ‘आपला माणूस’

हेन्री ताजफेल हा पोलंडमधला ज्यू. जन्म १९१९. शिकायला फ्रान्समध्ये गेला आणि दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढताना जर्मनांच्या हाती सापडला. आपण पोलिश ज्यू आहोत हे त्याने लपवले, फ्रेंच असल्याचे सांगितले आणि जगला. युद्ध संपल्यावर परतला तेव्हा घरची जवळजवळ सगळी माणसे मारली गेली होती. नंतर काही वर्षे त्याने निर्वासितांसाठी काम केले. आपण कोणत्या गटात मोजले जातो यावर जीव राहणार की जाणार हे ठरते, हे त्याने आधी भोगले आणि मग त्याचा अभ्यास केला.

१९७० च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये त्याने १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांना पडद्यावर ठिपके दाखवून त्यांची संख्या विचारली. मग ‘तू जास्त सांगणाऱ्यांपैकी’, ‘तू कमी सांगणाऱ्यांपैकी’ असे दोन गट केले. वाटणी खरे तर चिठ्ठ्या टाकाव्यात तशी होती. गटात कोण आहे हे मुलांना माहीत नव्हते, स्वतःला काही मिळणार नव्हते. फक्त दोन अनोळखी मुलांना गुण द्यायचे होते, एक आपल्या गटाचा, एक दुसऱ्या गटाचा. आपल्या गटातल्याला १९ आणि दुसऱ्याला २५ असाही पर्याय होता. त्यात आपल्या गटातल्या मुलाचा सर्वांत जास्त फायदा. तरी कल गेला तो १२ आणि ११ यांसारख्या आकड्यांकडे. सात गुण बुडाले तरी चालतील, आपण एकाने पुढे असलो म्हणजे झाले!

ठिपक्यांवरून एवढे होत असेल, तर विंडो सीटवरून किती होईल? अंबरनाथ-उल्हासनगरचे काही प्रवासी आधी डाउन गाडीने बदलापूरला येतात आणि त्याच गाडीत बसून रिटर्न जातात. बदलापूरचा माणूस फलाटावरून डब्यात शिरेपर्यंत जागा भरलेल्या, म्हणून तो चिडतो. कल्याण आले की बदलापूर आणि अंबरनाथ एक होतात : “ह्यांना यांच्या गाड्या नाहीत का?” ठाण्यापुढे कुणी ग्रुपमधल्या एकाच्या अंगावर आले तर अख्खा डबा एक. ताजफेलचा सहकारी जॉन टर्नर याने नेमके हेच सांगितले, की ‘आपण’ची सीमा प्रसंगानुसार आकुंचते आणि रुंदावते, आणि तिच्याबरोबर ‘मी’ही.

२७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. एक हजाराहून अधिक प्रवासी गाडीत होते. आसपासच्या गावकऱ्यांनी मदत केली, बचाव पथकांनी बोटी लावून सगळ्यांना बाहेर काढले. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन ड्रुरी यांनी २००५ च्या लंडनमधल्या बॉम्बस्फोटांतून वाचलेल्यांच्या मुलाखती अभ्यासल्या. संकटात घबराट माजून जो तो स्वतःपुरता पळतो, हा समज त्यांना खोटा ठरलेला दिसला. सगळ्यांवर एकच वेळ आली आहे असे वाटले की अनोळखी माणसेही एकमेकांना धरून राहतात.

४. अठरा हजार शब्दांतून पाच

आतापर्यंत ‘मी’ इतका लवचीक दिसला, की मग स्वभाव नावाचे काही शिल्लक राहते का, अशी शंका यावी. राहते.

गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ओडबर्ट यांनी १९३६ साली इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाचे वर्णन करणारे सुमारे १८ हजार शब्द जमवले. त्यांतले साडेचार हजारांच्या आसपास टिकाऊ गुणांचे होते. तर्क असा, की जो फरक लोकांना रोजच्या व्यवहारात महत्त्वाचा वाटतो त्याला भाषेत शब्द असतोच. मराठीतच पाहा : चिकट, तिरसट, भिडस्त, खमक्या, आतल्या गाठीचा, मोकळ्या मनाचा. रेमंड कॅटेल याने हे ढीग गाळून १६ घटकांवर आणले. नंतरच्या संशोधकांना लोकांनी केलेल्या वर्णनांत पुन्हा पुन्हा पाचच मोठे गठ्ठे सापडत गेले. कोणते शब्द एकमेकांसोबत येतात हे आकडेवारीने पाहून हे गठ्ठे बांधले जातात. कामसू म्हटलेल्या माणसाला लोक बहुधा वक्तशीरही म्हणतात, म्हणून ते दोन शब्द एका गठ्ठ्यात.

ते पाच गुण असे : माणसांत रमणे, म्हणजे बहिर्मुखता. जुळवून घेणे. नेटकेपणा आणि जबाबदारीची जाणीव. चटकन अस्वस्थ होणे. नव्या अनुभवांची ओढ. पाचही गुण प्रत्येकात कमी-जास्त असतात, आणि बहुतेक लोक दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी.

म्हणूनच माणसांना सोळा साच्यांत बसवणाऱ्या, चार अक्षरांचे लेबल देणाऱ्या चाचण्या मला पटत नाहीत. कार्ल युंगच्या १९२१ च्या पुस्तकावरून कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी त्यातली सर्वांत गाजलेली चाचणी बनवली. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. मधोमध असलेल्या माणसाला ती एका बाजूला ढकलते, त्यामुळे काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली तर बऱ्याच जणांचा साचाच बदलतो. गप्पांना विषय म्हणून ठीक. नोकरी देताना किंवा लग्न जुळवताना ती वापरू नये.

आता ‘स्वभावाला औषध नाही’ या म्हणीकडे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून, या पाच गुणांबाबत माणसामाणसांतला साधारण ४० ते ५० टक्के फरक आनुवंशिकतेशी जोडता येतो. हे माणसामाणसांतल्या फरकाबद्दल आहे. ‘माझा निम्मा राग आजोबांचा’ असा त्याचा अर्थ काढू नका. वय वाढते तसा सरासरीने जबाबदारपणा आणि जुळवून घेण्याची वृत्ती वाढते, असेही दीर्घकाळच्या अभ्यासांत दिसले. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली २०७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मानसोपचारांनी काही महिन्यांत स्वभावगुणांत मोजता येईल असा बदल झालेला आढळला. सर्वांत जास्त बदल चटकन अस्वस्थ होण्याच्या गुणात झाला होता. म्हण मोडीत निघत नाही, पण औषध थोडेफार आहे, असे म्हणायला आता आधार आहे. ठाण्याची ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्य संस्था १९९० पासून मानसोपचारांचे हेच काम आपल्या लोकांमध्ये, आपल्या भाषेत करते आहे.

फ्रॉइडचे नाव अजून कसे आले नाही, असे काहींना वाटत असेल. सहज प्रेरणा, व्यवहार सांभाळणारा ‘अहं’ आणि आतून दटावणारा ‘पराहं’ अशी त्याची १९२३ ची त्रिमूर्ती प्रसिद्धच आहे. आपल्याला आपले सगळे ठाऊक नसते, हा त्याचा मुद्दा टिकला. बाकीचा बराचसा भाग तपासणीला उतरवता येत नाही, म्हणून इथे थांबत नाही.

५. जेव्हा… तेव्हा…

१९२० च्या दशकात ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी अमेरिकेतल्या हजारो शाळकरी मुलांचा प्रामाणिकपणा तपासला. परीक्षेत कॉपीची संधी, खेळात खोटे गुण लिहिण्याची संधी, पैसे खिशात घालण्याची संधी. ‘प्रामाणिक मूल’ आणि ‘लबाड मूल’ अशी सरळ विभागणी काही झाली नाही. कॉपी करणारे मूल पैशांना हात लावेलच असे नव्हते. १९६८ साली वॉल्टर मिशेल याने असे पुरावे गोळा करून बॉम्बच टाकला : एका प्रसंगातले वागणे पाहून वेगळ्या प्रसंगातले वागणे सांगू म्हटले तर अंदाज जेमतेमच बरोबर येतो. मग स्वभाव म्हणजे पाहणाऱ्याचा भासच का?

पुढची अनेक वर्षे यावर खडाजंगी झाली. एक उत्तर सेमूर एप्स्टाइन याने १९७९ मध्ये दिले. एखादा प्रसंग पाहून स्वभाव ठरत नाही, अनेक प्रसंगांची सरासरी घ्या, मग ती बऱ्यापैकी स्थिर असते. बदलापूरला जुलैत एक दिवस लख्ख ऊन पडले, म्हणून कुणी तिथला जुलै कोरडा म्हणत नाही. पण त्याच भरवशावर उद्या, मंगळवारी, नक्की पाऊस पडेल अशी पैजही लावत नाही. स्वभाव म्हणजे महिन्याचे हवामान, आजचे वागणे म्हणजे आजचा दिवस.

दुसरे उत्तर खुद्द मिशेलने युइची शोडा याच्यासोबत शोधले, आणि मला ते अधिक मोलाचे वाटते. न्यू हॅम्पशायरमधल्या मुलांच्या एका उन्हाळी शिबिरात त्यांनी आठवडेच्या आठवडे निरीक्षण केले. कोणते मूल किती भांडखोर, एवढेच न मोजता कोणत्या प्रसंगी भांडते तेही नोंदवले. एक मूल सोबत्यांनी चिडवले की उसळायचे आणि मोठ्यांच्या बोलण्याला शांत असायचे. दुसऱ्याचे नेमके उलटे. आणि प्रत्येकाचा हा ‘जेव्हा असे, तेव्हा असा’ नमुना पुन्हा पुन्हा तसाच दिसत होता.

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतले दोन सुपरवायझर डोळ्यांपुढे आणा. समजा, दोघेही महिन्यात दहा वेळा चिडतात. पहिला त्यातले आठ वेळा चिडतो तो हाताखालच्यांपुढे कुणी त्याची चूक दाखवली तर. दुसरा आठ वेळा चिडतो तो वरचा साहेब हेल्परला घालूनपाडून बोलला तर. प्रश्नावलीत दोघांचे गुण सारखे येतील, ‘तापट’. पण कामगारांना विचारा. कुणाच्या शिफ्टला जायचे हे ते एका क्षणात सांगतील, कारण त्यांना बेरीज ठाऊक नसली तरी ‘जेव्हा-तेव्हा’ पाठ असते.

गाडीतल्या मित्राचे उत्तर इथे मिळते. घरचा गप्प, ऑफिसातला कामापुरता आणि डब्यातला टवाळ यांतला एक खरा आणि दोन खोटे, असे नाही. रोजची तीच माणसे आहेत, पण कुणाची जबाबदारी अंगावर नाही आणि बोलण्यावरून कुणी निवाडा करणार नाही, तिथे तो खुलतो. निवाडा होणार असेल तिथे मिटतो. तिन्ही ठिकाणी वागण्यामागचा नियम एकच, आणि तोच त्याचा स्वभाव. घरी तो गप्प का, याचे उत्तर या नियमाच्या उजेडात त्याच्या घरच्यांनीही शोधायला हरकत नाही.

६. छावणीत ओळख कोण देणार?

आता तिसरा प्रश्न : सगळेच गेले, तर माणूस तोच राहतो का? एरिक एरिक्सन १९०२ साली फ्रँकफर्टला जन्मला. आई डॅनिश ज्यू, बाप कोण ते त्याला अखेरपर्यंत कळले नाही. सावत्र वडिलांच्या नावाने तो होम्बुर्गर झाला. शाळेत त्याला ज्यू म्हणून हिणवत आणि सिनेगॉगमध्ये सोनेरी केसांचा परका म्हणून. अमेरिकेत गेल्यावर १९३९ मध्ये नागरिकत्व घेताना त्याने स्वतःच ‘एरिक्सन’ हे आडनाव धारण केले. ‘ओळखीचा पेच’ ही कल्पना जगाला अशा माणसाने द्यावी यात नवल नाही. महायुद्धाच्या काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या माउंट झायन दवाखान्यात त्याच्यापुढे मनाने कोलमडलेले सैनिक येत. त्यांना आपले नाव-गाव माहीत असे, पण कालचा मी आणि आजचा मी यांचा धागा तुटल्यासारखा वाटे. त्या अवस्थेसाठी त्याने ‘ओळखीचा पेच’ हा शब्द वापरला.

त्याच युद्धासाठी इंग्रजांनी कल्याणजवळ सैनिकांची मोठी ट्रान्झिट छावणी उभारली होती. युद्ध संपले, छावणी रिकामी झाली आणि १९४७ नंतर तिच्या बॅरेकी सिंधमधून आलेल्यांनी भरल्या. माणसे सुमारे एक लाख. सिंध अख्खा पाकिस्तानात गेला. पंजाब्याला आणि बंगाल्याला निदान अर्धा प्रांत तरी उरला, सिंधी हिंदूंना नकाशावर बोट ठेवायला जागाच उरली नाही. लांबलचक बॅरेकींत पडदे-गोणपाटे लावून संसार मांडले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि वस्तीला उल्हासनगर नाव मिळाले. तरीही पत्ता आजतागायत कॅम्प नंबर, सेक्शन आणि बॅरेक नंबरनेच सांगतात. (कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची गोष्ट अशीच. तिथल्या छावणीत युद्धकाळात पोलिश निर्वासित होते, ते गेले आणि सिंधी आले. तेच आजचे गांधीनगर.)

एरिक्सनच्या मते ओळखीचे दोन भाग असतात. मी कालचाच आहे ही आतली खात्री, आणि इतरांनीही मला कालचाच म्हणून ओळखणे. छावणीत पहिला भाग माणसाकडे होता, दुसरा गेला होता. सिंधमधल्या लारकान्यात ज्याला अख्खा बाजार सलाम करी, तो इथे रेशनच्या रांगेतला एक. मग काय केले लोकांनी? सिंधमधल्या आपापल्या गावांच्या नावाने पंचायती उभ्या केल्या, जिथे बापाचे नाव सांगितले की चार जण मान डोलावतील. दरबार आणि टिकाणे ही आपली प्रार्थनास्थळे वसवली. लेखक-गायक राम पंजवाणी यांनी झुलेलाल हे दैवत आणि चेटीचंड हा सण यांना सगळ्या सिंध्यांचे सामाईक प्रतीक करण्यासाठी आयुष्याची बरीच वर्षे वेचली. १० एप्रिल १९६७ रोजी सिंधी भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. ज्यांना प्रांत नव्हता त्यांच्या भाषेला देशाने ओळख दिली. इतरांनी ओळखण्याचा तो तुटलेला धागा पुन्हा जोडला जात होता, असेच मी याकडे पाहतो.

एरिक्सनने आयुष्याचे आठ टप्पे सांगितले. त्यांतल्या किशोरवयात माणसाला सवलतीचा काळ मिळावा, म्हणजे हे करून पाहा, ते सोडून द्या, अशी मोकळीक. कॅम्पातल्या मुलांना ती कुठली? त्यांतली कितीतरी लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटे, पापड विकत होती. जेम्स मार्शिया याने १९६६ साली एरिक्सनची कल्पना मोजता येईल अशी केली. शोध न घेताच आईबापांनी दाखवलेली वाट धरणाऱ्यांचा त्याने वेगळा गट केला. बारावी होताच ‘दुकानावर बसणारा’ मुलगा त्याच गटात जाईल. पाश्चात्त्य पुस्तकांत हा गट थोडा कच्चा समजला जातो. मला ते मान्य नाही. ज्या घराने सगळे एकदा गमावले आहे, त्याला शोधापेक्षा ठावठिकाणा महत्त्वाचा वाटला तर ती समज कमी प्रतीची कशी?

७. सांगितलेला मी

१९८० च्या दशकापासून डॅन मॅकअॅडम्स हा मानसशास्त्रज्ञ लोकांना त्यांची जीवनकहाणी विचारतो आहे. पाच गुणांवरून माणूस ओळखता येईल तो अनोळखी माणसाला ओळखावा तेवढाच, असे त्याचे म्हणणे. तो आतून कसा आहे हे कळते, तो आपल्या आयुष्याचे तुकडे कोणत्या क्रमाने सांगतो त्यावरून. ‘सगळं गेलं, पण शून्यातून उभं केलं’ ही एक मांडणी. ‘सगळं होतं, पण गेलं’ ही दुसरी. घटना त्याच असू शकतात. पहिल्या प्रकारे सांगणारे सरासरीने अधिक समाधानी आढळतात.

उल्हासनगरची अधिकृत कहाणी पहिल्या प्रकारची आहे : पापड विकणाऱ्याचा कारखाना झाला, बॅरेकीची इमारत झाली. ती खरीही आहे. पण ती इतक्या वेळा सांगितली जाते की ज्यांचे काही उभे राहिले नाही त्यांना आपले आयुष्य सांगायला जागाच उरत नाही. अंबरनाथला विमकोच्या काडेपेटी कारखान्यात पिढ्या राबल्या, तो बंद पडला. त्यांच्या कहाणीला ‘पण पुढे’ कुठून आणायचे?

मराठीत याचे सर्वांत धाडसी उत्तर दया पवार यांच्या १९७८ च्या ‘बलुतं’मध्ये आहे. शिकून-सवरून नोकरीला लागलेल्या दया पवारला दगडू मारुती पवार भेटतो आणि आपली गोष्ट सांगतो. दोघे एकच. शहरातल्या कपड्यांतला एक आणि महारवाड्यातला एक. शेवट गोड करून त्यांनी या दोघांना एकात मिटवले नाही. जेम्सचे दोन ‘मी’ इथे समोरासमोर बसून बोलतात.

फाळणीच्या वेळी जे दहा वर्षांचे होते ते आज नव्वदीच्या घरात आहेत. विमकोत आणि अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत उमेदीची वर्षे घालवलेलेही निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीत असे कुणी असेल तर या रविवारी त्यांच्याजवळ बसा, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि “मग पुढे काय झालं?” एवढेच विचारत राहा. मधे दुरुस्त्या करू नका. तारखा चुकल्या तर चुकू द्या, क्रम मात्र त्यांचाच ठेवा.